टनामागे अर्धा किलो अरगट

मंडळी नमस्कार, आज जरा इजिप्तच्या गव्हाबद्दल बोलू, म्हणजे तिथे बोटीने येणाऱ्या गव्हाबद्दल. नाईलकाठी गहू चांगला पिकतो हो, पण खाणारी तोंडं दहा कोटींच्या वर, पुरत नाही, त्यामुळे जगातल्या मोठ्या गहू खरेदीदारांत हा देश कायम वरच्या नंबरात. आणि सबसिडीची रोटी तिथे एवढी नाजूक गोष्ट आहे की १९७७ च्या जानेवारीत सरकारने सबसिडीला हात लावला तर लोक रस्त्यावर उतरले, दंगली झाल्या, दोन-तीन दिवसांत निर्णय गुंडाळावा लागला.

आता असा देश गहू घेताना नियम किती कडक ठेवणार? अरगट नावाची बुरशी असते, बाजरीवर येते त्याच जातकुळीतली, जास्त पोटात गेली तर विषारी, त्यात वाद नाही. पण कोडेक्स म्हणून जे आहे, सगळे देश मिळून अन्नाची मानकं ठरवतात ते, त्यांच्या हिशोबाने गव्हात ०.०५ टक्के अरगट चालतो, म्हणजे टनामागे अर्धा किलो. इजिप्तचं पुरवठा खातं पण तेच म्हणत होतं. कृषी खात्याची क्वारंटाइनवाली मंडळी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालात रोगकीड तपासणारी, मात्र अडून बसली, शून्य म्हणजे शून्य! सरकार एकच, नियम दोन. डिसेंबर २०१५ मध्ये ६३ हजार टन फ्रेंच गहू याच कारणाने नाकारला.

व्यापाऱ्याच्या जागी उभं राहून बघा, माल लादून बोट निघाली, पैसे अडकले, आणि बंदरात कुणीतरी दोन काळे दाणे दाखवून परत पाठवणार, तर तो काय करेल, एक तर ही रिस्क भावात धरेल नाहीतर टेंडरच भरणार नाही. दोन्ही झालं. २०१६ च्या जुलैत ०.०५ मान्य केलं, ऑगस्टअखेर पुन्हा शून्य, मग सप्टेंबरात सरकारी टेंडरकडे फारसं कुणी फिरकेना. त्यात इजिप्तला गहू विकणाऱ्या रशियाने इजिप्तची संत्री अडवली, कारण दिलं रोगकिडीचं, पण टायमिंग बघा ना! शेवटी २१ सप्टेंबरला शून्याचा नियम गेला आणि काही दिवसांतच संत्र्यांचा रस्ताही मोकळा झाला.

मला विचाराल तर शून्य ऐकायला भारी वाटतं, पण त्याची किंमत गहू घेणाराच मोजतो, आणि इथे तर घेणारं सरकारच होतं.

बरं, माल अडवायला दरवेळी लॅबच लागते असंही नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत नियम आला की बहुतेक आयातीला बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, पाहिजे, मग युक्रेन युद्ध, डॉलरची टंचाई, मका आणि सोयाबीन बंदरातच पडून राहिलं. खाद्य मिळेना म्हणून ऑक्टोबरात पोल्ट्रीवाल्यांनी कोंबडीची पिल्लं मारून टाकली. नियम मागे घेतला तो डिसेंबरअखेर.