दुबार पेरणी

श्रोतेहो, नमस्कार. आज लसींबद्दल बोलणार आहे, पण तान्ह्या बाळांच्या नाही. ज्यांचं बोनमॅरोचं, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं आहे, त्यांच्या लसींबद्दल. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात देशातलं पहिलं असं प्रत्यारोपण झालं, तेव्हा ते फार लांबचं वाटायचं. आता आपल्या विदर्भातली सिकलसेलची, थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजारांची लेकरंही त्यातून बरी होऊन घरी येतात.

काटोलकडच्या एक आजी मला कायम आठवतात. नऊ वर्षांच्या नातीला घेऊन नागपूरला माझ्याकडे आल्या होत्या. पोरीला सिकलसेल होता. सख्ख्या भावाची मज्जा जुळली, प्रत्यारोपणाला सात महिने झाले होते. आजींनी पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढलं. लॅमिनेशन केलेलं, एकही रकाना रिकामा नाही. मी म्हटलं, "आजी, आता सगळ्या लसी पहिल्यापासून घ्यायच्या आहेत."

त्यांचा चेहराच उतरला. "काऊन जी? नाल्याले पूर होता तरी बंडीत घालून नेलं लेकराले. एक तारीख चुकवली नाही आमी."

मी त्यांच्याजवळ बसले. सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही. पण प्रत्यारोपणाआधी फार जबर औषधं द्यावी लागतात. जुनी मज्जा त्यांनी जाते आणि लसींमुळे रोगांची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशीही बऱ्याचशा जातात. आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हंजे उगवलं होतं, पण सारं वखरून टाका लागलं. आता दुबार पेरणी."

इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कुणाला सांगता आलं नव्हतं.

आणि त्यांनी पुढे विचारलं, "मज्जा तं भावाची हाय. मंग त्याच्या लसी नाही आल्या काय संगं?" श्रोतेहो, हा प्रश्न शिकलेल्या माणसालाही सुचत नाही. येते, थोडी आठवण दात्याच्या पेशींबरोबर येते. पण ती टिकेल याचा भरवसा नसतो. म्हणून दुबार पेरणी करायचीच. रक्ताच्या काही आजारांत रोग्याच्या स्वतःच्याच पेशी काढून परत देतात, तिथेही लसी पुन्हा घ्याव्या लागतात.

लॅमिनेशनवरून माझं एक जुनं मत सांगते. कागद प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नका. सातबारा, शाळेची टीसी, जन्माचा दाखला, सगळं नेऊन लॅमिनेट करतात. मग त्यावर पुढची नोंद करता येत नाही, शिक्का उमटत नाही. कागद साध्या पारदर्शक पाकिटात सरकवून ठेवा. आजींना मी नवं कार्ड दिलं ते तसंच.

आता वेळापत्रक, थोडक्यात. न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकोकलची लस साधारण तीन ते सहा महिन्यांनी सुरू होते. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, कावीळ ब, हिब (मेंदूज्वर-न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरची लस) आणि पोलिओचं इंजेक्शन बहुधा सहा महिन्यांनंतर, काही आठवड्यांच्या अंतराने तीन-तीन डोस. फ्लूची दरवर्षी. आणि गोवर, कांजिण्या? या जिवंत लसी, म्हणजे त्यात कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो. दोन वर्षं झाल्याशिवाय नाही. पुन्हा सांगते, जिवंत लस दोन वर्षांआधी नाही. त्यानंतरही दात्याच्या पेशींचा शरीराशी झगडा चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर थांबायचं. तारीख तुमच्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

आजींनी बोटं मोजली, "दोन पावसाळे." पुढच्या खेपेला आल्या तेव्हा पिशवीत घरातल्या सगळ्या लेकरांची कार्डं होती. "हिले दोन पावसाळे गोवरची लस नाही, तं गोवर घरात येऊच नाही द्यायचा," म्हणाल्या. अगदी बरोबर. घरच्यांनी आपल्या लसी पूर्ण कराव्यात, गोवरची आणि फ्लूचीसुद्धा.

अपवाद एकच, तोंडातून द्यायच्या पोलिओच्या थेंबांचा. त्यात जिवंत विषाणू असतो आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. प्रत्यारोपण झालेल्याला हे थेंब द्यायचेच नाहीत. त्याच घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर पोलिओ रविवारी बूथवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि त्या मुलासाठी पोलिओचं इंजेक्शन मागा. बूथवरच्या ताईंनाही घरात असा रुग्ण आहे हे मोकळेपणाने सांगा, त्या समजून घेतात. नमस्कार.