तिकिटावर नाव एकीचं, विमान दुसरीचं

नमस्कार, श्रोतेहो.

नागपूरहून सिंगापूरचं तिकीट शोधायला बसलं, की मुंबई किंवा दिल्लीमार्गे जाणाऱ्या उड्डाणांची लांबलचक यादी समोर येते. पण एकच विमान त्या यादीत दोन-तीन वेगवेगळ्या क्रमांकांनी दिसू शकतं. हे कोडशेअर. विमान एका कंपनीचं, तिकीट दुसरी आपल्या नावानं विकते. क्रमांकाखाली ‘ऑपरेटेड बाय’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं; तिथली वेगवेगळी नावं मोजा. खरे पर्याय तेवढेच.

विमान कंपन्या एकत्र येऊन युत्याही करतात. त्यांपैकी स्टार अलायन्स 1997 साली स्थापन झाली, वनवर्ल्ड 1999 मध्ये सुरू झाली आणि स्कायटीम 2000 मध्ये. एअर इंडिया 2014 पासून स्टारमध्ये आहे, दोह्याची कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये. नुसत्या सदस्यत्वानं भाडं एकत्र ठरत नाही. काही सदस्य मात्र पुढे जाऊन संयुक्त व्यवसाय करतात. ठरावीक मार्गांवरचं भाडं, वेळापत्रक आणि उत्पन्न, सगळं सामाईक. मग त्या मार्गावर त्यांच्यात चढाओढ उरत नाही.

नागपूरहून लांबच्या बहुतेक परदेशी शहरांना थेट विमान नाही, म्हणून अशा सहकार्याचा आपल्याला फायदाही होतो. दोन टप्प्यांच्या प्रवासात दोन कंपन्यांनी आपापला नफा वेगळा लावला, तर तिकीट महागतं. दर मिळून ठरला तर ते स्वस्त होऊ शकतं. पण जिथे त्याच दोन कंपन्या एकाच थेट मार्गावर समोरासमोर उडतात, तिथे नेमकं उलटं घडतं.

विलीनीकरणात हा धोका मोठा. समजा, एका मार्गावर चार कंपन्यांचा वाटा 40, 30, 20 आणि 10 टक्के आहे. प्रत्येक आकड्याचा वर्ग करून बेरीज केली, की 3000 येते. ही बेरीज जितकी मोठी, तितका तो मार्ग मोजक्या कंपन्यांच्या हातात. मधल्या दोघी एक झाल्या तर 4200. अमेरिकेच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बेरीज 1800 च्या वर गेली आणि वाढ 100 हून जास्त असली, तर स्पर्धेला बाधा येईल असं गृहीत धरलं जातं.

टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा ही विमान कंपनी 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि सिंगापूर एअरलाइन्सला एअर इंडियात 25.1 टक्के हिस्सा मिळाला. सिंगापूरच्या स्पर्धा आयोगानं सिंगापूरहून मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि तिरुचिरापल्लीला जाणारे चार मार्ग तपासले आणि कोविडपूर्व आसनक्षमता कायम ठेवण्याच्या हमीवर मंजुरी दिली. ही अट मला महत्त्वाची वाटते, कारण भाडं चढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे उड्डाणं कमी करणं.

विलीन होणाऱ्या कंपन्यांना नुसते स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, सोडायला लावले तर अनेकदा काही साधत नाही. नव्या कंपनीकडे विमानं नसतात, दुसऱ्या शहरांतून येणारे प्रवासीही नसतात. म्हणून दक्षिण कोरियाच्या कोरियन एअर आणि एशियाना या कंपन्यांच्या बाबतीत युरोपीय आयोगानं सोलहून बार्सिलोना, फ्रँकफर्ट, पॅरिस आणि रोमला जाणाऱ्या मार्गांवर टी-वे ही तिसरी कोरियन कंपनी प्रत्यक्ष उडू लागेपर्यंत विलीनीकरण करू दिलं नाही.

आता तिकीट काढताना एक गोष्ट आवर्जून पाहा. नागपूर–मुंबई आणि पुढचा परदेशी टप्पा एकाच पीएनआरवर असू द्या. मग पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तर पुढच्या प्रवासाची सोय कंपनीनं करायची असते. तिकिटं वेगवेगळी असली, तर दोन्ही कंपन्या एकाच युतीतल्या असूनही दुसरी तुम्हाला ‘नो-शो’, म्हणजे उड्डाणाला आलाच नाहीत असं, ठरवू शकते.