मेयोच्या मैदानावर आपली माणसं

नमस्कार मंडळी.

आज कॅसलबार, वेस्टपोर्ट, बॅलिनाच्या मंडळींबरोबर गॉलवे आणि डब्लिनहूनही कुटुंबं आली आहेत, याचा फार आनंद आहे. मंडळाने मला विषय दिला तो आयर्लंडच्या पश्चिमेकडल्या आपल्या मेयो काउंटीतल्या खेळांचा आणि मोकळ्या वेळाचा. इथे करण्यासारखं इतकं आहे की सगळं सांगत बसलो तर जेवण थंड होईल. म्हणून मी मुख्यत्वे एकच गोष्ट सांगणार आहे. या काउंटीत खेळाचा गाडा ओढतात ती विनामोबदला राबणारी माणसं. इथल्या खेळात आपल्याला जागा हवी असेल, तर त्या माणसांमध्ये आपणही दिसलो पाहिजे.

सुरुवात गेलिक फुटबॉलपासून, कारण मेयोत ती दुसरीकडून करताच येत नाही. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, १८८४ साली टिपररीतल्या थर्ल्स गावी स्थापन झाली. नव्याने आलेल्यांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघात १५ जण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलंच. मग त्याचा टप्पा घ्यायचा किंवा पायाने हलकेच उडवून परत हातात घ्यायचा. गोलच्या दोन खांबांमधल्या आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला की एक गुण, आणि नव्या नियमांप्रमाणे ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन.

मेयोच्या पुरुषांनी ऑल-आयर्लंड अजिंक्यपद शेवटचं मिळवलं १९५१ साली. त्यानंतर ११ अंतिम सामने हरले. २०१६ ची फेरलढत एका गुणाने गेली, २०१७ चा सामनाही एकाच गुणाने, दोन्ही वेळा डब्लिनकडून. मेयोची अख्खी लोकसंख्या १ लाख ३८ हजारांच्या आसपास, हे लक्षात घ्या. तरीही उन्हाळा आला की फाटकाफाटकावर हिरवे-लाल झेंडे लागतात. मला या निष्ठेबद्दल मनापासून आदर आहे. मुलींच्या आईवडिलांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं: कोरा स्टॉन्टन. तिच्या काळात मेयोच्या महिलांनी १९९९, २०००, २००२ आणि २००३ अशी चार अजिंक्यपदं जिंकली, आणि पुढे ती ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळली.

पण इथे घरचे जीएए खेळाडू हौशीच असतात. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८० हजार प्रेक्षकांपुढे खेळलेला मुलगा त्याच आठवड्यात शाळेत शिकवायला किंवा शेतावर कामाला परततो. खेळण्याचा पगार कोणालाच नाही. गावच्या क्लबचंही तेच. मैदानावरचं गवत कापणारा, रेषा आखणारा, सहा वर्षांच्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधणारा, प्रत्येक जण आपला वेळ देतो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत शनिवार-रविवार कसे जातात, मला माहीत आहे. गणिताची शिकवणी, नाच, गाणं, आणि दुपारी आपल्याच लोकांबरोबर क्रिकेट. ते चालू राहायलाच हवं, त्यावर माझं प्रेम आहे. पण पहिलीतला मुलगा सोमवारी वर्गात जातो तेव्हा बाकीची मुलं क्लबच्या मैदानावरच्या गमती सांगत असतात, आणि त्याच्याकडे त्यातलं काहीच नसतं. मुलाला खेळ येत नाही म्हणून पाठवायला संकोचू नका. १२ वर्षांखालच्यांसाठी जीएएचे ‘गो गेम्स’ असतात. त्यांत हरजितीला महत्त्व नाही आणि आलेल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळतं. राखीव म्हणून बाकावर कोणी बसत नाही. वर्षाची वर्गणी बेताची असते. दातांसाठी माउथगार्ड मात्र सक्तीचा आहे, तो आधीच घ्या.

आणि मुलाला सोडून गाडीत फोन बघत बसू नका. खाली उतरा. सरावाचे प्लास्टिकचे शंकू मांडायला, चेंडू गोळा करायला हात लावा. क्लबमध्ये ओळखी पालकसभेत होत नाहीत, त्या रेषेजवळ पावसात उभं राहून होतात. पुढे प्रशिक्षक म्हणून मदत करावीशी वाटली तर गार्डांकडून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, पडताळणी होते आणि बालसुरक्षेचा एक छोटा वर्ग करावा लागतो. अर्ज भरायला क्लबचे लोकच मदत करतात. बायकांसाठी ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ नावाचा उपक्रम बऱ्याच क्लबांत आहे. आयुष्यात कधी चेंडूला पाय न लावलेल्या बायका तिथे संध्याकाळी जमतात, खेळतात, हसतात, चहा पिऊन घरी जातात. वहिनी, काकू, मावश्या, सगळ्यांना सांगतो, आपल्यातल्या चार जणी एकत्र गेलात तर पहिल्या दिवसाचं दडपण निघून जाईल.

आता ग्रीनवे. वेस्टपोर्टहून न्यूपोर्ट, मुलरॅनी करत ॲकिलपर्यंत ४२ किलोमीटरचा हा सायकलचा आणि चालण्याचा रस्ता १९३७ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केला आहे. पूर्ण मार्ग २०११ साली खुला झाला. (त्याच वर्षी देशाचं वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा खातं लिओ वराडकरांकडे आलं. त्यांचं घराणं मालवण तालुक्यातल्या वराडचं, हे इथे कोणाला सांगायला नको.) पण मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. रेल्वे गेल्यावर ही जमीन बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांची झाली होती. त्यांनी आपल्या शेतातून लोकांना जायला राजीखुशीने वाट दिली. ज्या महाराष्ट्रात बांधाच्या वितीसाठी भाऊ भाऊ कोर्टात जातात, तिथून आलेल्या आपल्याला याची किंमत नीट कळते. म्हणून तिथे गेलात तर उघडलेलं फाटक लावून घ्या, मेंढ्यांना त्रास देऊ नका, चिप्सचं एक पाकीटही मागे ठेवू नका. वारा बहुधा पश्चिमेचा असतो, तेव्हा सायकल भाड्याने देणाऱ्यांच्या गाडीने ॲकिलला जायचं आणि वेस्टपोर्टकडे परत यायचं. मुलं दमत नाहीत. लहानग्यांसाठी कॅसलबारहून टर्लोकडे जाणारा छोटा ग्रीनवे चांगला. शेवटी राष्ट्रीय ग्रामजीवन संग्रहालय आहे, प्रवेश मोफत.

सह्याद्रीत भटकलेल्यांना क्रोक पॅट्रिक हा सेंट पॅट्रिकच्या यात्रेचा डोंगर बोलावतोच. उंची ७६४ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणून याला किरकोळ समजू नका. मरिस्क गावी वाट समुद्राच्या काठाजवळून सुरू होते, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढावी लागते. वरचा टप्पा उभा आहे, दगडांचा आहे, आणि ढग उतरले की पुढचं दिसत नाही. अलीकडे वाटेची दगडी बांधणी झाल्याने चाल सुधारली आहे, तरी घोट्यापर्यंतचे बूट आणि पावसाचं जाकीट हवंच. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक चढतात, काही अनवाणी. गर्दी नको असेल तर तो दिवस टाळा. पण एकदा तरी त्याच दिवशी चढावं, असं माझं मत आहे. संकटात पडलात तर ११२ लावून ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचं. येणारी माणसं कोण असतात? तीही स्वयंसेवकच. स्ट्रेचर खांद्यावर घेऊन खाली आणतात आणि बिल पाठवत नाहीत.

पाण्याचे खेळ थोडक्यात. ॲकिलवर कील या किनाऱ्यावर लाटांवरचं सर्फिंग शिकता येतं. पाणी गार असतं, वेटसूट लागतोच, आणि जीवरक्षक फक्त उन्हाळी मोसमात असतात. मासेमारीची आवड असेल तर मॉय नदी सामन (सॅल्मन) माशासाठी नावाजलेली, तर लॉक कॉन आणि लॉक मास्क ही तळी ब्राउन ट्राउट माशासाठी. सामनला सरकारी परवाना लागतो. ट्राउटला तो लागत नाही, पण त्या त्या पाण्याचे नियम आधी विचारून घ्या.

हिवाळ्यात काय, असं नेहमी विचारलं जातं. बॅलिक्रॉय आणि नेफिनच्या परिसराला २०१६ साली आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं अंधारं आकाश जपणाऱ्या प्रदेशाचा, दर्जा मिळाला. नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री तिथे नुसत्या डोळ्यांनी आकाशगंगा दिसते. गरम कपडे आणि थर्मास घेऊन जा, मुलांना झोपेतून उठवून न्यावं लागलं तरी न्या. आणि वर्षभर शनिवारी सकाळी साडेनऊला पार्करन असतं, पाच किलोमीटर, चाला किंवा धावा, पैसे नाहीत. वेळ नोंदवणारे, वाट दाखवणारे तिथेही सगळे हौसेने आलेले असतात.

म्हणून मंडळाने एक ठरवलं आहे. दाराजवळच्या टेबलावर वही आहे, तिच्यात दोन रकाने आहेत. एकात तुमच्या गावचा क्लब आणि मुलांची वयं लिहा. ज्यांची मुलं आधीपासून तिथे जातात, ते कुटुंब तुम्हाला पहिल्या दिवशी सोबत घेऊन जाईल. दुसऱ्यात महिन्यातून एका शनिवारी पार्करनला मदतीला उभं राहायची तयारी असेल तर नाव लिहा. धावता येत नसलेल्या आजी-आजोबांनीही लिहा. धावून आलेल्यांचे बारकोड तपासायला खुर्ची मिळते. जेवायला जायच्या आधी लिहिलंत तर बरं, नंतर वही पानसुपारीच्या ताटाखाली जाते.