लग्न लावायचं की नाही, हे कोणी ठरवायचं?

अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्च या ख्रिस्ती पंथात लग्न लावायचं की नाही, हे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, ठरवतो. जोडप्याला बोलावून घ्यायचं, त्यांच्याशी नीट बोलायचं, मग होकार किंवा नकार द्यायचा. हा पाळकाचा हक्क आहे आणि जबाबदारीही, असं त्यांच्या नियमग्रंथातच लिहिलंय. १९९६ मध्ये या हक्कातून एकच गोष्ट वगळली गेली. समलिंगी जोडप्याचा विधी पाळकाने करायचा नाही, चर्चमध्ये होऊही द्यायचा नाही.

हे पेनसिल्व्हेनियाचे पाळक फ्रँक शेफर. २००७ मध्ये त्यांनी असं एक लग्न लावलं. दोन नवरदेवांपैकी एक त्यांचा स्वतःचा मुलगा होता. सहा वर्षं कोणी काही बोललं नाही. तक्रारीची मुदत संपायला महिनाही उरला नसताना त्यांच्या मंडळीतून, म्हणजे स्थानिक चर्चमधून, तक्रार गेली, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये चर्चने त्यांच्यावर खटला चालवला. समोर तेरा पाळकांची ज्युरी. शिक्षा तीस दिवसांच्या निलंबनाची, पण वर अट: यापुढे नियमग्रंथ संपूर्ण पाळीन असं सांगा, नाहीतर पद सोडा. शेफर यांनी दोन्हीला नकार दिला. डिसेंबरमध्ये त्यांची दीक्षा काढून घेतली गेली.

जून २०१४ मध्ये अपील समितीने ती परत दिली. माणूस उद्या काय करील, याची शिक्षा त्याला आज देता येत नाही, हे समितीचं म्हणणं. किती रास्त!

तरी नियम आणखी कडक झाला. २०१९ मध्ये सेंट लुईसच्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च सभेत, ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी ठरलं: पहिल्यांदा असं लग्न लावलं तर वर्षभर बिनपगारी निलंबन, दुसऱ्यांदा दीक्षा रद्द. पण पुष्कळ पाळक बधले नाहीत. नियम पाळलाच जात नाही म्हणून दुखावलेल्या मंडळ्या पंथातून बाहेर पडू लागल्या. २०२३ संपेपर्यंत ७,६०० हून अधिक गेल्या.

मे २०२४ मध्ये शार्लट इथल्या जनरल कॉन्फरन्समध्ये बंदी उठली. आता असं लग्न लावलं म्हणून पाळकावर कारवाई नाही, आणि नाकारलं म्हणूनही नाही. ही दुसरी मुभा मला तितकीच मोलाची वाटते. मनाविरुद्ध उच्चारलेला आशीर्वाद त्या जोडप्याला तरी कशाला हवा असेल?

पण नकार मिळालेल्या जोडप्याने जायचं कुठे? डेन्मार्कने २०१२ च्या कायद्यात याचं उत्तर दिलंय: तिथे पाळक नाही म्हणू शकतो, मात्र दुसरा पाळक मिळवून देणं बिशपकडे, म्हणजे पाळकांच्या वरिष्ठाकडे, असतं. मेथॉडिस्ट बिशपांनीही ही जबाबदारी घ्यायला हवी.