गिअर सगळ्यात शेवटी! हाताने शिवलेला मिलिटरी स्टाइल स्टीमपंक कोट

हे दोन कोट बघा. दोन्ही मीच शिवलेत, दोन्ही गडद निळे, दोन्हीच्या छातीवर लेसच्या आडव्या ओळी, पितळी बटणं, सगळं सेम. आणि तरी हा पहिला घातला की मी नाटकातला तिसऱ्या रांगेतला शिपाई दिसते आणि हा दुसरा घातला की वाटतं बाई आत्ताच वाफेच्या विमानातून उतरून आली. फरक कशाने पडलाय, गिअरने, म्हणजे या पितळी दातेरी चाकांनी? अजिबात नाही, पहिल्यावर तर जास्त गिअर आहेत, चौदा लावले होते मी, त्यातले पाच आता कुठे पडलेत देव जाणे.

तर आज तेच बघायचंय. गिअरला हात लावायच्या आधी कोट कोटासारखा उभा कसा राहतो, आणि ते सगळं मशीन न वापरता.

थोडं बॅकग्राउंड. स्टीमपंक म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या काळाची काल्पनिक दुनिया, आणि हा शब्द १९८७ चा, के. डब्ल्यू. जेटर नावाच्या अमेरिकन लेखकाने एका मासिकाला पत्र पाठवलं त्यात अर्धवट गमतीत वापरला. पण कपडे आपण उसने घेतो ते एकोणिसाव्या शतकाकडून, आणि त्या काळात पुरुषांच्या कपड्यांमध्ये सगळ्यात भपका कुठे असेल तर सैन्याच्या ड्रेस युनिफॉर्ममध्ये. त्यातही हुसार लोक म्हणजे कहर. हे मूळ हंगेरीकडचे हलके घोडदळवाले, मग त्यांची स्टाइल युरोपभरच्या सैन्यांनी उचलली. अंगाला घट्ट बसणारं आखूड जॅकेट, त्याला डॉल्मन म्हणायचे, त्यावर छातीभर दोरीकाम, आणि वरून पेलिस म्हणजे फर लावलेलं दुसरं जॅकेट, जे बऱ्याचदा घालायचेच नाहीत, डाव्या खांद्यावर नुसतं लटकवायचे. विचार करा, एक जॅकेट घातलंय आणि एक शोसाठी. स्टीमपंकवाल्यांना अजून काय पाहिजे!

आता हाताने का, मशीन असताना? एक तर मला आवडतं. पण एक मस्त गोष्ट पण आहे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिये नावाच्या टेलरने १८३० मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये ८० च्या आसपास मशिनं लावून वर्कशॉप टाकलं, आणि तिथे काय शिवायचे तर फ्रेंच सैन्याचे युनिफॉर्म. १८३१ मध्ये पॅरिसचे टेलर चिडून आत घुसले, आमचं पोट मारणार ही मशिनं म्हणून, आणि सगळी फोडून टाकली. म्हणजे तुम्ही मिलिटरी कोट हाताने शिवताय तर तुम्ही कुठल्या पार्टीत आहात ते लक्षात घ्या.

गंमत सोडा, खरं कारण प्रॅक्टिकल आहे. या कोटात कापड, आकार टिकवायला आत घालायचे कडक कॅनव्हास आणि बक्रम, लेस असे चार-चार थर एकावर एक येतात आणि घरगुती मशीन तिथे रडतं. सुईला आणि अंगुस्तानाला, म्हणजे बोटावर घालायच्या टोपीला, काही फरक पडत नाही. अंगुस्तान मात्र घालाच, मी पहिल्या कोटाला घातलं नाही आणि मधल्या बोटाची चाळणी झाली होती.

कापड. मेल्टन किंवा तसलं कुठलंही दाट, फेल्ट केलेलं लोकरीचं कापड मिळालं तर डोळे झाकून घ्या. ते इतकं दाबून घट्ट केलेलं असतं की कापलेल्या कडेचे धागे सुटतच नाहीत, त्यामुळे आतल्या शिवणींच्या कडा बंद करत बसायला लागत नाही आणि हातशिलाईत तेवढा वेळ वाचणं म्हणजे लॉटरी. सॅटिन घेऊ नका. प्लीज. सॅटिनवर प्रत्येक टाका दिसतो आणि कोट झोपल्यासारखा दिसतो. रंगाचं म्हणाल तर काहीही चालेल, अगदी जांभळा पण, कारण विल्यम पर्किनने १८५६ मध्ये तो कृत्रिम मॉव्ह रंग काढला त्यानंतर जांभळ्याची लाटच आली होती, त्यामुळे कोणी नाक मुरडलं तर हे सांगा.

डायरेक्ट भारी कापडाला कात्री लावायची नाही. आधी मांजरपाटाचा ट्रायल कोट, कच्च्या टाक्यांनी जोडलेला, आणि तो घालून हात वर करा. कोट सगळाच्या सगळा वर येतोय? मग मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खूप खोल झालाय. सगळ्यांना वाटतं खोल मुंढा म्हणजे हात मोकळा, पण होतं उलटं, मुंढा बगलेजवळ वर असला तर हात एकटा हलतो आणि कोट जागेवर राहतो, आणि घोड्यावर बसून तलवार चालवणाऱ्यांचे कोट असेच वर कापलेले असायचे. माझा पहिला कोट इथेच निम्मा मेला होता. आणि माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, सढळ सोडा, दीड-दोन सेंटीमीटर, नंतर कमी करता येते पण आणता येत नाही.

मुख्य शिवणी बॅकस्टिचने, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन. सेंटीमीटरला चार टाके आले की बास, सात घालायच्या नादी लागू नका, व्हिडिओत कोणी मोजत नाही. दोरा हाताच्या बोटापासून कोपरापर्यंत एवढाच कापायचा, लांब घेतला की गाठी पडतात आणि मग आपण दोऱ्याला शिव्या देतो. आणि मेण. मेणाच्या तुकड्यावरून दोरा दोनदा ओढायचा, मग कागदात धरून गरम इस्त्री फिरवायची म्हणजे मेण आत मुरतं. हे केलेला आणि न केलेला दोरा शेजारी शेजारी वापरून बघा, परत विचारणार नाही.

आता कॉलर, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मिलिटरी लुक निम्मा इथेच असतो. उभी कॉलर, साधारण साडेचार सेंटीमीटर उंच, आत कॅनव्हास. इस्त्रीने चिकटणारं आयर्न-ऑन फ्यूजिंग लावून पुठ्ठ्यासारखी कडक करता येते, पण मग ती पुठ्ठ्यासारखीच वागते, मानेपासून लांब उभी राहते. त्यापेक्षा हे बघा, कॅमेरा जवळ घेते. कॉलरचं कापड खाली, कॅनव्हास वर, आणि दोन्ही मी डाव्या हाताच्या तर्जनीवर गोल वाकवून धरलंय, मान जशी गोल असते तसं. आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच तिरके टाके घालायचे, याला पॅडिंग स्टिच म्हणतात. सुई कॅनव्हासमधून पूर्ण जाते पण खालच्या कापडाचा फक्त एखादा धागा उचलते, बाहेरून काही दिसता कामा नये. ओळ संपली की कापड न फिरवता तसंच खाली यायचं आणि परत वर. वीस मिनिटं झाली की हात सोडून बघा, ही बघा, टेबलावर ठेवली तरी वाकलेलीच राहिली! कोणी धरलेलं नाही. हेच छातीच्या कॅनव्हासला करायचं, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि एक आख्खा पॉडकास्ट लावून.

आता लेस. छातीवरच्या त्या ओळींसाठी जी पातळ चपटी लेस असते तिला सुताश म्हणतात, तिच्यात दोन बारीक दोऱ्या शेजारी शेजारी असतात आणि मधून एक खाच जाते. टाका त्या खाचेतच घालायचा, दोरा आत गडप होतो, दिसतच नाही. आणि वळणावर जादू आहे. लेसचं टोक उसवलं की आतल्या दोन दोऱ्या दिसतात, त्यातली एक हलकेच ओढली की लेस आपोआप त्या बाजूला वळते, चुणी न पडता. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन दिवस वाचले असते.

ओळी आखताना वरच्या रुंद आणि कमरेकडे येतील तशा अरुंद ठेवा, डोळा फसतो, छाती भरदार आणि कंबर बारीक दिसते. दोन्ही पुढचे भाग टेबलावर शेजारी ठेवून खडूने एकदमच आखा, एक बाजू आज आणि एक उद्या असं केलं की अर्ध्या सेंटीमीटरचा फरक पडतोच, आणि बटणं लावली की तो अर्धा सेंटीमीटर सगळ्यांना दिसतो. लेसची टोकं वर कापून सोडायची नाहीत, टोच्याने कापडात भोक पाडून टोक मागे ओढून घ्यायचं आणि मागून चार टाक्यांनी बांधायचं. म्हणूनच हे काम अस्तर लावायच्या आधी, कॅनव्हास लागल्यानंतर. मधेच, आधी पण नाही आणि नंतर पण नाही.

आणि माझी चूक ऐका. पहिल्या कोटाला नऊ ओळी, प्रत्येक ओळीला शेवटी गोल वेटोळं, आठवडाभर बसून केलं. शेवटी छान दिसावं म्हणून त्यावर वाफेची इस्त्री मारली. लेस सुती होती, मी ती आधी भिजवून किंवा वाफ देऊन आटवून घेतली नव्हती. डोळ्यांसमोर सगळ्या ओळी आकसल्या आणि आख्ख्या छातीचा पापड झाला. स्टीमपंकमधली स्टीम मला अशी भेटली! सगळं उसवलं, नऊच्या नऊ. तर लेस आणि कापड दोन्हीला कापायच्या आधी वाफ द्या, आणि लेस डिझाइनच्या मापापेक्षा थोडी जास्तच घ्या, वळणं खूप खातात.

बटणं मागे कडी असलेली घ्या. जुनी पद्धत अशी की कापडाला छोटं भोक करून त्याची कड शिवून घ्यायची, कडी मागे काढायची आणि त्यातून दोरी ओवायची, म्हणजे बटण काढून घासता येतं. मला हे काजापेक्षा सोपं वाटतं. तसंही या कोटात काज फक्त दोन खरी आहेत, बाकी सगळं आत हुकने बंद होतं, शू.

आता आले गिअर, खुश? ग्लू गन कपाटात. गिअरला आरे असतात, भोकं असतात, तिथून टाक्यांनी शिवा, आणि कापडाच्या मागे कॅनव्हासचा तुकडा ठेवा नाहीतर वजनाने कापड लोंबतं. भोकाची कड आधी कानशीने घासून घ्या, धारदार पितळ दोरा कापतं, माझे ते पाच हरवलेले त्यातलेच काही. आणि एक, हे मी सगळ्यांच्या कोटावर बघते आणि मला राहवत नाही. तीन गिअर एकमेकांत दात अडकवून त्रिकोणात लावतात, दिसायला छान, पण तो सेट फिरूच शकत नाही हो! पहिला उजवीकडे फिरला तर दुसरा डावीकडे, दुसऱ्यामुळे तिसरा उजवीकडे, आणि तिसरा पहिल्याला अडवून बसतो. दोन लावा, चार लावा, किंवा तीन एका रांगेत.

खांद्यावरच्या एपॉलेटना, म्हणजे त्या झालरीवाल्या शोभेच्या पट्ट्यांना, वेगळा व्हिडिओ लागेल, इथे एवढंच की ती शिवून टाकू नका, पट्टीने काढता-घालता येतील अशी ठेवा, बॅगेत कोट नीट घडी होतो. आणि खऱ्या सैन्याची पदकं, रँकचे बिल्ले लावू नका. बऱ्याच देशांत त्यावर कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते कोणीतरी कमावलेलं असतं. आपलं वाफेचं सैन्य काल्पनिक आहे तर बिल्ले पण काल्पनिक करा, माझ्या रेजिमेंटचं चिन्ह किटली आहे.

अस्तर स्लिप स्टिचने, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या टाक्याने, खालची कड थोडी सैल सोडून, म्हणजे बसताना ओढलं जात नाही. ते मी या कोटाला अजून पूर्ण लावलेलं नाही, म्हणून तर आत्ता उलटा करून तुम्हाला मागची टोकं दाखवता आली. डाव्या बाहीचं वेटोळं पण बाकी आहे. लेस इथेच कुठेतरी ठेवली होती, हां, मांजर बसलंय तिच्यावर.