लाळेची पट्टी आणि डाव्या हाताची शीर

नमस्कार मंडळी. मी मडगावला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो, त्यामुळे माणसं मला तोंडावरून कमी आणि हातावरून जास्त लक्षात राहतात. परवा काणकोणचे एक मामा आले, किडनीचे पेशंट, पहिली बस पकडून, उपाशीपोटी (किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, त्याला उपाशी राहावं लागत नाही हो, पण सांगून कोण ऐकतंय), बसले आणि डावा हात पुढे केला. सुया टोचून टोचून काळानिळा झालेला. म्हटलं मामा हा नको, उजवा द्या, तोही पंज्याच्या मागची शीर.

कारण काय, उद्या डायलिसिसची पाळी आली तर मनगटाजवळची किंवा कोपराजवळची शीर आणि धमनी जोडून फिस्चुला करतात, बहुतेक वेळा ज्या हाताने आपण काम कमी करतो त्याच हाताला, आणि ती शीर आधीच टोचून खराब केली असेल तर डॉक्टर तरी काय जोडणार?

मामांनी मग विचारलं, मोबाईलवर बघितलं, पट्टीला थुंकी लावली की किडनी कळते म्हणे, खरं काय रे बाबा?

खरं आहे, पण अर्धं. किडनी रक्तातला जो कचरा बाहेर टाकते त्यातला युरिया हा एवढासा रेणू, रक्तातून लाळेत सहज उतरतो, क्रिएटिनिन तसं उतरत नाही, म्हणून या पट्ट्या युरियावर चालतात. पट्टीवर युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरिया फोडून अमोनिया करतं आणि अमोनियाने रंग बदलतो. पांढऱ्या शर्टवरचा हुमणाचा (माशाच्या आमटीचा) डाग साबण लावला की लाल होतो ना, हळदीमुळे, तसलाच प्रकार. आफ्रिकेत मलावीच्या हॉस्पिटलात असल्या पट्ट्या वापरून बघितल्यात, जिथे लॅबच धड नाही तिथे गंभीर पेशंट ओळखायला त्यांचा उपयोग होतो.

पण आजार सुरुवातीचा असेल तर पट्टी गप्प बसते. रंग चांगला आला म्हणून किडनी चांगली, असं धरून चालू नका. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या (देशातली वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) सर्व्हेत डायबेटिसमध्ये गोवा देशात पहिला, 26.4 टक्के, आणि डायबेटिसवाल्याची किडनी बिघडायला लागली की आधी लघवीतून प्रोटीन जातं, ते लाळेत दिसत नाही, त्याला लघवीचीच टेस्ट लागते.

शिवाय युरिया चंचल. चतुर्थीचा शिवराक (शाकाहार) संपला आणि दोन दिवस मासळीवर ताव मारला, किंवा उन्हात फिरून पाणी कमी पडलं, की आकडा वर. म्हणून एका पट्टीवरून घाबरू पण नका आणि खूश पण होऊ नका. माझ्या मते ही पट्टी बरी पडेल ती मामांसारख्यांना, ज्यांचा आजार आधीच माहीत आहे, दोन रक्ततपासण्यांच्या मध्ये घरी बघायला, तेवढीच एखादी सुई वाचली. औषध बदलायचं ते मात्र रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच.

आणि कधी हातात आलीच तर चहा, जेवण झाल्या झाल्या लावू नका, थोडा वेळ जाऊ दे. पान खाऊन तर नाहीच, रंग पट्टीचा की विड्याचा कळणार कसं? हिरड्यांतून रक्त येत असेल तरी घोळ. किडनीच्या पेशंटला पाणी मोजून, तोंड कोरडं, थेंबभर लाळ जमवायला पण वेळ लागतो, तेव्हा घरच्यांनी घाई करू नये. आपल्याकडच्या पावसात मीठसुद्धा पाझरतं, पट्टीची काय कथा, डबीचं झाकण लगेच घट्ट लावा आणि रंग दिवसाउजेडी बघा, पिवळ्या बल्बखाली नको.

अजून एक, यात लोक फार फसतात. यातल्या काही पट्ट्या दाखवतात ते युरिया नायट्रोजन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, आपल्या रिपोर्टवर बऱ्याचदा असतं ब्लड युरिया. पहिल्याला 2.14 ने गुणलं की दुसरं येतं. म्हणजे रिपोर्टवर 60 आणि दुसरीकडे 28 दिसलं तर किडनी सुधारली नाही हो, दोन्ही एकच. मामांना हे कागदावर लिहून दिलं, त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि जाताना परत विचारलं, उजवाच हात ना?