ऑनलाइन सेलरने वॉरंटी नाकारली? आधी ‘नाही’ लेखी घ्या

नमस्कार मंडळी.

समजा, सात-आठ महिन्यांपूर्वी तुम्ही ऑनलाइन मिक्सर घेतला. पेजवर ठळक लिहिलं होतं, ‘मोटरवर २ वर्षांची वॉरंटी’. परवा चटणी वाटताना जळका वास आला आणि मोटर बसली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, हा सेलर आमचा अधिकृत नाही, वॉरंटी लागू होत नाही. सेलर फोन उचलत नाही. आणि ॲपच्या चॅटवर उत्तर येतं, रिटर्नची ७ दिवसांची मुदत संपली, आम्ही फक्त मध्यस्थ आहोत.

इथे बहुतेक जण नाद सोडतात. तीन हजारांसाठी कोण भांडत बसणार? मला याचंच वाईट वाटतं, कारण तुम्ही कंटाळून गप्प बसाल या भरवशावरच ही टोलवाटोलवी चालते.

पहिली गोष्ट. रिटर्न वेगळं, वॉरंटी वेगळी. रिटर्नची मुदत ॲपने ठरवलेली असते. वॉरंटी म्हणजे वस्तू विकताना दिलेला शब्द, आणि त्याचे पैसे तुम्ही किमतीतच मोजलेले असतात. एक संपली म्हणून दुसरी संपत नाही. चॅटवर कोणी हे दोन्ही एकत्र करत असेल तर तिथे वाद घालू नका. स्क्रीनशॉट घ्या आणि पुढे चला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्लॅटफॉर्मने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायलाच हवा. तुमची तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. म्हणून कस्टमर केअरच्या फोनवर घसा कोरडा करण्यापेक्षा या अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याच ईमेलमध्ये सेलरचा पूर्ण पत्ता मागा. खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागितला तर तो देणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे. हा नियम फार कमी लोक वापरतात.

आता ‘अधिकृत सेलर नाही’ या उत्तराचं काय? कंपनीच्या अटींत तसं खरंच लिहिलेलं असू शकतं. पण मग ज्या सेलरने पेजवर २ वर्षं लिहिली, तो उत्तर द्यायला बांधील आहे. वॉरंटीबाबत दिशाभूल करणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. प्लॅटफॉर्मला मात्र प्रत्येक प्रकरणात जबाबदार धरलं जातंच असं नाही, हे स्पष्ट सांगतो. पैसे कोणी घेतले, डिलिव्हरी कोणी केली, खात्रीचा शिक्का कोणी मारला, यावर ते ठरतं. त्यामुळे कोण जबाबदार हे तुम्ही ठरवत बसू नका. पुढे ग्राहक आयोगात तक्रार करायची वेळ आली तर सेलर, कंपनी आणि प्लॅटफॉर्म, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे तिघांविरुद्ध तक्रार करा.

यासाठी कागद लागतात, आणि सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, म्हणजे वस्तू दुरुस्तीला दिल्याची नोंद असलेली पावती. काउंटरवरचा मुलगा तोंडी सांगून तुम्हाला परत पाठवेल. तिथून हलू नका. शांतपणे म्हणा, ‘दादा, वॉरंटी मिळणार नाही ना, मग कारण जॉबशीटवर लिहून शिक्का द्या.’ नाहीच दिलं तर तिथेच उभं राहून कंपनीला ईमेल करा: अमुक तारखेला, अमुक सेंटरमध्ये, हे कारण सांगून मला परत पाठवलं. बिल डाउनलोड करून ठेवा. त्यावर विक्रेता म्हणून बहुधा कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं नाव असतं, आणि जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवरून राज्य कळतं. २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. वस्तूचं पेज अजून दिसत असेल तर त्याचा फोटो आजच काढा. ती पेजेस बदलतात.

महिना उलटला, काही झालं नाही, तर १९१५ वर फोन लावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ती कंपनीकडे पाठपुरावा करते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. आदेश देतो जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला आपण अजूनही ग्राहक मंच म्हणतो.

सेलर हरियाणातला असला तरी सावंतवाडीच्या माणसाला तिकडे जायची गरज नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते, सुनावणी व्हिडिओवर व्हावी म्हणून अर्जही करता येतो. मुदत २ वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. कायद्यात निकालासाठी ३ महिने आणि वस्तूची तपासणी लागली तर ५ महिने सांगितलेत. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, त्या तयारीनेच उतरा.

घरून डबे करणाऱ्या ताई विचारतात, धंद्यासाठी घेतलेला मिक्सर चालेल का? स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः काम करत असाल तर तुम्हीही ग्राहकच. मात्र वॉरंटी कार्डावर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ अशी अट आहे का, ते आधी बघा.

आणि तक्रारीच्या शेवटी मागणी मोघम लिहू नका. मिक्सर बदलून द्या किंवा किंमत व्याजासह परत करा, झालेल्या त्रासाची अमुक रुपये भरपाई द्या, तक्रारीचा खर्च द्या. प्रत्येक मागणी वेगळ्या ओळीत, रकमेसकट.